परतीची वाट कोण बांधणार?

वेगवान गोलंदाज कधी ना कधी पडतोच. कधी पाठ जाते, कधी मांडीचा स्नायू, कधी लय बिघडते, कधी निवड समितीचा विश्वास उडतो. दहा-पंधरा वर्षे चेंडू टाकणाऱ्याच्या वाट्याला हे एकदा नाही, अनेकदा येते. तो किती उंच गेला याचा हिशेब आपण हौसेने ठेवतो. पडल्यावर परत यायला त्याला जागा होती का, हे मात्र कोणी विचारत नाही. मला हाच प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. पुनरागमनाचे सगळे श्रेय आपण खेळाडूच्या जिद्दीला देऊन टाकतो. ऐकायला ते छान वाटते, पण त्या कौतुकाच्या आड समाज म्हणून आपली जी जबाबदारी आहे ती आपण अलगद अंगावरून झटकून टाकतो.

हे पाटसमध्ये बसून लिहिण्याला कारण आहे. पुणे-सोलापूर महामार्गावरचे, भीमा साखर कारखान्याचे हे गाव. रेल्वेने पुढे दौंड जंक्शन, आणि दौंडहून एक फाटा अहिल्यानगरमार्गे मनमाडकडे जातो. त्या मार्गावर बेलापूर नावाचे स्टेशन आहे, तेच श्रीरामपूरचे स्टेशन. ७ ऑक्टोबर १९७८ रोजी झहीर खानचा जन्म झाला तो या श्रीरामपुरात. तिकडेही आपल्यासारखाच ऊस, तसेच कारखाने, तशीच कडक उन्हाची सपाट माळराने. कसोटीत ३११ बळी घेणारा, भारताचा सर्वांत यशस्वी डावखुरा वेगवान गोलंदाज आपल्याच रेल्वेमार्गावरचा आहे. म्हणून त्याच्या कारकिर्दीतला चढ आणि उतार दोन्ही आपण नीट पाहायला हवेत. त्यात आपल्या पोरांसाठी शिकण्यासारखे पुष्कळ आहे, आणि आयोजक, पालक, पुढारी यांच्यासाठी त्याहून जास्त.

आधी शरीराचे पाहू. वेगवान गोलंदाज धावत येऊन पुढचा पाय आपटतो, तेव्हा त्याच्या वजनाच्या कितीतरी पट भार त्या एका पायातून कमरेकडे चढतो. नेमक्या त्याच क्षणी पाठ मागे झुकलेली, एका बाजूला वाकलेली आणि पिळलेली असते. कमरेच्या मणक्यात मागच्या बाजूला हाडाचा एक अरुंद भाग असतो, तो हा ताण झेलतो. पुरेशी विश्रांती मिळाली नाही की तिथे बारीक भेग पडते. उजव्या हाताने टाकणाऱ्याला ती बहुधा डाव्या बाजूला पडते. सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये ती दिसेलच असे नाही, त्यासाठी एमआरआय लागतो. आणि हे हाड पुरते पक्के व्हायला विशीचा मध्य यावा लागतो. म्हणजे ज्या वयात आपण पोराला सर्वांत जास्त पळवतो, नेमके त्याच वयात ते कच्चे असते.

बेसबॉलमधल्या पिचरची कथाही याच जातीची. तो धावत येत नाही. मातीच्या छोट्या उंचवट्यावर उभा राहून, कोपर वाकवून सारी ताकद हातातून सोडतो. त्यामुळे त्याची पाठ वाचली तरी कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध तुटतो. खेळ वेगळा, अवयव वेगळा, नशीब तेच. चेंडू फेकणे हा माणसाच्या शरीरावरचा मोठा अत्याचार आहे, आणि जगभरचे गोलंदाज तो आपल्या करमणुकीसाठी सहन करतात.

आता झहीरकडे येऊ. इंजिनिअरिंगची वाट सोडून तो मुंबईला आला, ते नॅशनल क्रिकेट क्लबच्या सुधीर नाईकांकडे. तिथून चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये डेनिस लिली आणि टी. ए. शेखर यांच्या नजरेखाली तो घडला. रणजी खेळला बडोद्याकडून. ऑक्टोबर २००० मध्ये नैरोबीला भारताकडून पहिला एकदिवसीय सामना, पुढच्याच महिन्यात ढाक्याला पहिली कसोटी. सगळे कसे झपाझप घडले. २००३ च्या विश्वचषकात त्याने १८ बळी घेतले.

आणि मग २३ मार्च २००३, जोहान्सबर्ग. विश्वचषकाचा अंतिम सामना, समोर ऑस्ट्रेलिया. पहिल्याच षटकात झहीरने १५ धावा दिल्या. अतिउत्साहात टप्पा हरवला, दिशा हरवली. दिवसअखेर त्याच्या नावावर ७ षटकांत ६७ धावा आणि एकही बळी नाही. ऑस्ट्रेलियाने ३५९ धावांचा डोंगर उभा केला. स्पर्धेतले १८ बळी लोक विसरले. ते एक षटक मात्र महाराष्ट्रातल्या चहाच्या टपऱ्यांवर वर्षानुवर्षे चघळले गेले.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात ब्रिस्बेनला त्याने ९५ धावांत ५ बळी घेतले, पण मांडीच्या स्नायूने दगा दिला. भारताने ॲडलेडला जिंकलेली ती ऐतिहासिक कसोटी त्याला बाहेर बसून पाहावी लागली. पुढची दोन वर्षे दुखापत, पुनरागमन, पुन्हा दुखापत अशीच गेली. तोवर इरफान पठाण, रुद्रप्रताप सिंग असे नवे डावखुरे पुढे आले होते. २००५ च्या अखेरीस क्रिकेट मंडळाने त्याला करारातल्या ब श्रेणीतून क श्रेणीत उतरवले. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. वेगवान गोलंदाजाचे खरे तर हे ऐन भराचे वय.

इथून पुढे काय झाले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते कशामुळे झाले, याचा विचार मात्र क्वचितच होतो. २००६ मध्ये झहीर इंग्लंडच्या वूस्टरशायर परगण्याकडून खेळायला गेला. पहिल्याच सामन्यात त्याने १० बळी घेतले. पदार्पणात असे करणारा वूस्टरशायरचा खेळाडू शंभर वर्षांत झाला नव्हता. एसेक्सविरुद्ध एका डावात ९ बळी घेतले. हंगामाअखेर त्याच्या खात्यावर ७८ बळी होते आणि त्याचा संघ वरच्या गटात गेला होता. याच काळात त्याने धाव आखूड केली. कमी पळायचे, दम राखायचा आणि मनगटाने जास्त काम करायचे, असे त्याने ठरवले आणि अंगी बाणवले.

हे बदल भारतीय संघात राहून करता आले असते का? मला नाही वाटत. तिथे प्रत्येक षटकाचा हिशेब दूरचित्रवाणीवर मांडला जातो. नवे काही करून पाहताना चार सामने वाईट गेले, तर पाचवा मिळत नाही. वूस्टरशायरने त्याला तीन गोष्टी दिल्या. पहिली, दीर्घ हंगाम: आठवड्यामागून आठवडा चार-चार दिवसांचे सामने, लांबलचक टप्प्यात टाकायला भरपूर षटके. दुसरी, नजरेआडचे मैदान, जिथे चुकायची मुभा होती. तिसरी, पगार आणि काळजी घेणारी व्यवस्था. जिद्द तो घरून घेऊन गेला होता, पण तिला राबायला शेत तिथे मिळाले.

फळ लगेच दिसले. २००६ च्या अखेरीस तो भारतीय संघात परतला. मुंबईकडून पहिलाच सामना खेळला तो बंगालविरुद्धचा रणजीचा अंतिम सामना, आणि त्यात ९ बळी घेतले. २००७ च्या जुलैत ट्रेंट ब्रिजला त्याने इंग्लंडचे ९ गडी बाद केले. डावखुऱ्या फलंदाजांना तो यष्टीच्या दुसऱ्या बाजूने येऊन टाकत होता, आणि चेंडू आत येणार की बाहेर जाणार याचा पत्ता लागू देत नव्हता. भारताने १९८६ नंतर प्रथमच इंग्लंडमध्ये कसोटी मालिका जिंकली. जोहान्सबर्गला ज्याचा टप्पा हरवला होता, तोच माणूस आता टप्प्याचा धनी झाला होता.

पुढे त्याने आणखी एक शस्त्र कमावले आणि ते आले थेट बेसबॉलमधून. नकल बॉल. चेंडू बोटांच्या पेरांनी किंवा टोकांनी असा धरायचा की हात पूर्ण वेगात फिरावा, पण सुटताना चेंडूला फिरकी जवळजवळ मिळूच नये. फलंदाज हाताचा वेग पाहून बॅट आणतो आणि चेंडू मागे रेंगाळतो. २०११ च्या विश्वचषकात अहमदाबादच्या उपांत्यपूर्व सामन्यात माइक हसीसारखा कसलेला फलंदाज अशाच हळू चेंडूवर ३ धावांवर त्रिफळाचित झाला. त्या स्पर्धेत झहीरने २१ बळी घेतले, शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने सर्वाधिक. वानखेडेवरच्या अंतिम सामन्यात त्याचा पहिला टप्पा होता ५ षटके, ३ निर्धाव, ६ धावा, १ बळी. आठ वर्षांपूर्वीच्या त्या पहिल्या षटकाला याहून चोख उत्तर काय असणार! आणि त्या सामन्याची खेळपट्टी तयार केली होती ती सुधीर नाईकांनी.

याच नकल बॉलने अमेरिकेतही एका पिचरला बुडता बुडता वाचवले. आर. ए. डिकीला कोपराच्या आतला तो अस्थिबंध जन्मतःच नव्हता. वैद्यकीय तपासणीत हे कळताच त्याला देऊ केलेले ८ लाख १० हजार डॉलर ७५ हजारांवर आले. पुढची कित्येक वर्षे त्याची छोट्या संघांत आणि वरखाली होण्यात गेली. २००५ मध्ये त्याने नकल बॉलची वाट धरली. २००६ च्या पहिल्याच परीक्षेत प्रतिस्पर्ध्यांनी त्याला एका सामन्यात सहा होमरन ठोकले. तरी दुय्यम स्पर्धांच्या विस्तीर्ण जाळ्यात त्याला शिकायला जागा मिळत राहिली, आणि २०१२ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, पिचरसाठीचा सर्वोच्च साय यंग पुरस्कार त्याने मिळवला. अमेरिकेत मुख्य स्पर्धेच्या खाली अनेक पायऱ्या आहेत. पडणारा एका पायरीवर अडतो, थेट रस्त्यावर येत नाही.

यावर कोणी म्हणेल, जागा तर अनेकांना मिळते, परत येतो एखादाच. मग शेवटी जिद्दच खरी ना? हा आक्षेप वजनदार आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. जिद्द हवीच. पण नुसती जिद्द कुठपर्यंत नेते, हे लॉस एंजलिस डॉजर्स या एकाच संघातल्या दोन पिचरांकडे पाहिले की कळते. सँडी कूफॅक्सने १९६६ मध्ये २७ सामने जिंकले आणि त्याच वर्षी तिसाव्या वर्षी निवृत्ती घेतली, कारण त्याच्या कोपरातल्या संधिवातावर तेव्हा कोणाकडे इलाज नव्हता. आठ वर्षांनी, १९७४ मध्ये टॉमी जॉनचा कोपराचा अस्थिबंध तुटला. संघाचे डॉक्टर फ्रँक जोब यांनी त्याच्याच दुसऱ्या हातातला स्नायुबंध काढून तिथे बसवला. असे आधी कोणी केले नव्हते. टॉमी जॉन १९७६ मध्ये परतला, १९८९ पर्यंत खेळला आणि कारकिर्दीतल्या २८८ विजयांपैकी १६४ त्याने शस्त्रक्रियेनंतर मिळवले. दोघांची दुखणी वेगळी होती, हे मान्य. पण कूफॅक्सकडे जिद्द कमी होती, असे म्हणायची कोणाची छाती होईल? एकाच्या वेळी डॉक्टरकडे उपाय होता, दुसऱ्याच्या वेळी नव्हता.

ऊस तुटल्यावर खोडवा आपोआप येत नाही, हे पाटसच्या शेतकऱ्याला सांगायला नको. बुडखे जमिनीलगत छाटावे लागतात, पाचट न जाळता सरीत पसरावे लागते, नांग्या भराव्या लागतात, खताचा हप्ता वेळेवर द्यावा लागतो. मुळात जोम असतो, पण तो जोम मशागतीने फळाला येतो. खोडवा बुडाला तर आपण उसाला आळशी म्हणत नाही. आपल्या गोलंदाज पोरांना मात्र आपण बेधडक म्हणतो, ‘त्याच्यात दमच नव्हता.’

आता आपल्या भागातले चित्र बघा. दिवाळी सरली की दौंड-शिरूरच्या पट्ट्यात टेनिस बॉलच्या स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. नांगरलेल्या रानाशेजारी रोलर फिरवून मैदान होते, मंडप पडतो, समालोचनाचा भोंगा लागतो, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण चालते, पहिल्या बक्षिसाचा फलक झळकतो. या सामन्यांवर माझे प्रेम आहे. गावातल्या शेतमजुराचा, कारखान्यातल्या कामगाराचा, कुरकुंभच्या एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्याचा पोरगा तिथे चार दिवस नायक होतो, हे थोडे नाही.

पण त्या नायकाचा दिवस जवळून पाहा. एका दिवसात तीन-तीन सामने. प्रत्येकात त्याची षटके ठरलेली, कारण तो सर्वांत जोरात टाकतो. अंग गरम करायला वेळ नाही. टेनिसचा चेंडू हलका, त्याला वेग द्यायचा म्हणजे खांदा आणि कंबर आणखी ओढायची. जमीन दगडासारखी कडक, पायात झिजलेले बूट. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावात दुसऱ्या संघाकडून पुन्हा तेच. कंबर धरली तर मेडिकलमधून गोळी आणि वर क्रेप बँडेज. सहा महिन्यांत त्याने किती चेंडू टाकले, हे त्याला ठाऊक नसते, आयोजकांना नसते, घरच्यांना तर नाहीच. फलकावर धावांचा आकडा असतो, टाकलेल्या चेंडूंचा नसतो.

मग एके दिवशी पाठ जाते. पोरगा असतो एकोणीस-वीस वर्षांचा. पुण्याला एमआरआय करायचा म्हणजे घरात आधी हिशेब मांडावा लागतो. गहुंज्याचे महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे मैदान पाटसहून पुणे ओलांडून पलीकडे. तिथवरची वाट जाताना अवघड होती, येताना तर बंदच. मग घरचे म्हणतात, भरतीची तयारी कर. पण पोलीस भरतीतही १६०० मीटर धावायचे असते, गोळा फेकायचा असतो, आणि भेगाळलेली पाठ तिथेही आडवी येते. म्हणजे दोन वर्षांच्या बक्षिसांपायी पोराने क्रिकेट तर गमावलेच, सरकारी नोकरीची संधीही घालवली. या नुकसानीची नोंद कुठल्याही चषकाच्या पत्रिकेवर नसते.

काही जण म्हणतात, हौसेच्या खेळाला नियमांचे जोखड कशाला? मी उलट विचारतो, जिथे खेळ हा धंदा आहे, अब्जावधींची उलाढाल आहे, तिथे तरी पोरांना मोकाट टाकू देतात का? अमेरिकेत शाळकरी मुलांच्या लिटल लीगने २००७ पासून चेंडूंची मोजदाद सक्तीची केली. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५ चेंडू, त्यापुढे नाही, आणि चेंडू जितके जास्त तितके अधिक दिवस सक्तीची विश्रांती. २०१४ मध्ये त्यांच्या मुख्य लीगनेही वयोगटानुसार मार्गदर्शक मर्यादा घालून दिल्या. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळानेही वाढत्या वयातल्या वेगवान गोलंदाजांसाठी एका टप्प्यात आणि एका दिवसात किती षटके टाकायची, हे वयागणिक ठरवून दिले. हे देश हळवे आहेत म्हणून नाही. पोराचा हात आणि पाठ हेच त्याचे भांडवल आहे, हे त्यांना कळले म्हणून.

परतीची वाट नेहमी त्याच शिखरावर गेली पाहिजे असेही नाही. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे भालाफेकपटू २००८ मध्ये एका दूरचित्रवाणी स्पर्धेतून अमेरिकेत पिट्सबर्ग पायरेट्सच्या पिचर तुकडीत पोचले. मुख्य लीगपर्यंत दोघेही गेले नाहीत. रिंकूच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि पुढे तो व्यावसायिक कुस्तीच्या रिंगणात उतरला. रिक अँकिएल या पिचरची २००० च्या मोसमाअखेर चेंडूवरची हुकूमतच अचानक गेली. सात वर्षांनी तो फलंदाजी करणारा क्षेत्ररक्षक म्हणून परतला. आणि आपले सुधीर नाईक? ते भारताकडून कसोटी खेळले अवघ्या तीन. पण प्रशिक्षक म्हणून त्यांनी झहीरला हात दिला आणि वानखेडेची माती राखली. एकाची अपुरी राहिलेली कारकीर्द दुसऱ्याच्या पूर्ण कारकिर्दीचा पाया झाली. पंच, गुणलेखक, खेळपट्टी राखणारा, मुलांना शिकवणारा: खेळात टिकायच्या या सगळ्या वाटा आहेत. त्या दाखवणारा कोणीतरी तालुक्यात हवा.

झहीरचा उतार २००६ मध्ये संपला असेही नाही. २००८ मध्ये घोटा दुखावला. २०११ च्या लॉर्ड्स कसोटीत पहिल्याच दिवशी मांडीने साथ सोडली आणि ती मालिका भारत ४-० ने हरला. २०१२ च्या डिसेंबरात तो संघाबाहेर गेला. पुन्हा शरीर घडवून २०१३ मध्ये जोहान्सबर्गला उतरला आणि जॅक कॅलिसला बाद करून तीनशेवा कसोटी बळी घेतला. ऑक्टोबर २०१५ मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ९२ कसोटी होत्या. यातल्या प्रत्येक परतीमागे डॉक्टर, फिजिओ, व्यायामाचे तज्ज्ञ आणि वाट पाहू शकणारी व्यवस्था उभी होती. हे सगळे पाटसला एका दिवसात येणार नाही, हे मलाही समजते. पण सुरुवात करायला मोठा पैसा लागत नाही.

तालुक्यातल्या स्पर्धांच्या बक्षिसांचा छोटा हिस्सा बाजूला काढला, तर हंगामात आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्ट बसू शकतो. कारखाना आणि एमआयडीसीतल्या कंपन्यांनी मनावर घेतले, तर दौंडला एक चांगली मातीची खेळपट्टी आणि लेदर बॉलचे दोन दिवसांचे सामने अशक्य नाहीत. गोलंदाज टप्प्याटप्प्याने घडतो आणि दुखापतीतून उठतो तो अशाच सामन्यांत. आणि दोन गोष्टींना तर एक रुपयाही लागत नाही. अठरा वर्षांखालच्या पोराने दिवसभरात, सगळे संघ धरून, किती षटके टाकायची याची मर्यादा. आणि प्रत्येक गोलंदाजाने टाकलेल्या चेंडूंची नोंद. गुणलेखकाच्या ॲपमध्ये ती आपोआप होतेच, फक्त कोणीतरी ती वाचायला हवी.

दौंड-शिरूरमधल्या स्पर्धा-आयोजकांना माझी हात जोडून विनंती आहे: येत्या हंगामाच्या पहिल्याच पत्रिकेवर, बक्षिसांच्या यादीच्या वर, हे दोन नियम छापा आणि मैदानावर ते पाळायला लावा.